मातृक एमआरएनए : साठवण आणि विघटन

अंडपेशी वाढत असताना आईच्या जनुकांवरून तयार होऊन तिच्या पेशीद्रवात साठून राहिलेल्या संदेशवाहक आरएनएला मातृक एमआरएनए म्हणतात. फलनानंतर भ्रूणाची स्वतःची जनुके चालू व्हायला वेळ लागतो. तोवर पेशीविभाजनापासून शरीराचे पुढचे-मागचे टोक ठरवण्यापर्यंतची कामे याच शिदोरीवर चालतात. हे रेणू टिकवणे, हवे तेव्हा त्यांच्यापासून प्रथिने बनवणे आणि काम सरताच त्यांचा निकाल लावणे अशी तीन अंगे या विषयाला आहेत. पाठ्यपुस्तकांत पहिल्या दोहोंवर भर असतो. तिसऱ्याकडे बराच काळ निव्वळ साफसफाई म्हणून पाहिले गेले, आणि ते चुकीचे होते.

भ्रूण इतका वेळ जनुकांवाचून चालतो, हे जुन्या प्रयोगांतून कळले. एथेल ब्राउन हार्वी यांनी १९३६ मध्ये सी-अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याच्या अंड्यांचे केंद्रक नसलेले तुकडे वेगळे काढून उद्दीपित केले, तरी त्यांचे विभाजन होत राहिले. १९६० च्या दशकात अॅक्टिनोमायसिन-डी वापरून नवे आरएनए तयार होणे थांबवले, तेव्हाही फलित अंड्यात प्रथिने बनतच होती. सूचना आधीपासून अंड्यात होत्या, हे त्यावरून उघड झाले.

भ्रूणाचा जनुकसंच जागा होण्याची वेळ प्राण्यागणिक बदलते. उंदरात तो मुख्यतः दोन पेशींच्या अवस्थेत जागा होतो, माणसात चार ते आठ पेशींच्या. झेब्राफिशमध्ये सुमारे तीन तासांनी, भ्रूण हजारेक पेशींचा झाल्यावर ही वेळ येते; झेनोपस बेडकात बारा विभाजनांनंतर. फळमाशीत केंद्रकाची तेरा विभाजने झाल्यावर मोठ्या प्रमाणावर प्रतिलेखन, म्हणजे जनुकांवरून आरएनए बनणे, सुरू होते आणि तोवर दोन तासांहून थोडा अधिक वेळ गेलेला असतो. या सगळ्या संक्रमणाला मातृक-युग्मनज संक्रमण म्हणतात. तोवर नवा एमआरएनए जवळजवळ तयार होत नसल्याने कोणते प्रथिन किती बनवायचे हे ठरवायला पेशीच्या हाती दोनच गोष्टी उरतात : असलेल्या रेणूचा वापर आणि त्याचे आयुष्य.

शेपटीचा अर्थ

बहुतेक एमआरएनएच्या शेवटच्या, म्हणजे तीन-प्राइम टोकाला अॅडेनोसीन या आरएनएच्या एका घटकाची लांब माळ असते. तिला पॉलि-ए शेपटी म्हणतात. एरवीच्या पेशीत सीसीआर४-नॉट हे प्रथिनसंकुल ही शेपटी कुरतडते. ती पुरेशी आखूड झाली की दुसऱ्या टोकावरची टोपी, म्हणजे ते टोक जपणारा रासायनिक गट, निघते आणि एक्सआरएन१ हे विकर तो रेणू त्या बाजूने खात सुटते. तीन-प्राइम बाजूने एक्झोसोम हे प्रथिनसंकुल हेच काम करते. थोडक्यात, शेपटी गेली की रेणू गेला.

अंडपेशीत हा नियम लागू पडत नाही. तिथे कित्येक एमआरएनएच्या शेपट्या मुद्दाम तोकड्या केलेल्या असतात आणि तरीही ते सुरक्षित असतात. झेनोपसच्या भ्रूणात शेपटी गमावलेले रेणू ब्लास्टुला, म्हणजे पेशींच्या पोकळ गोळ्याच्या अवस्थेपर्यंत तसेच पडून राहतात, कारण शेपटी काढण्याची आणि उरलेला रेणू नष्ट करण्याची यंत्रणा तोवर एकमेकींना जोडलेली नसते. उंदराच्या अंडपेशीत एमएसवाय२ हे आरएनएला चिकटणारे प्रथिन भरपूर असते आणि ते रेणूंना संरक्षण देते. सामान्य पेशीत एमआरएनएचे आयुष्य बहुधा काही मिनिटे ते काही तासांचे असते. उंदराच्या वाढत्या अंडपेशीत ते दिवसांत मोजावे लागते. सस्तन प्राण्यांच्या अंडपेशीत तंतुकणिकांभोवती झार१ या प्रथिनाच्या मदतीने एमआरएनएचे साठे जमतात, असे २०२२ मध्ये दिसून आले.

तोकडी शेपटी पुन्हा वाढवताही येते. अंडपेशी परिपक्व होताना लागणाऱ्या सायक्लिन-बी आणि मॉस या प्रथिनांच्या एमआरएनएमध्ये यूयूयूयूएयू (यू म्हणजे युरिडीन, ए म्हणजे अॅडेनोसीन) यासारखा छोटा क्रम असतो व त्यावर सीपीईबी हे प्रथिन बसते. बेडकाच्या अंडपेशीला प्रोजेस्टेरॉनचा संकेत मिळाला की सीपीईबीवर फॉस्फेट चढते, शेपटी वाढवणाऱ्या विकराची सरशी होते आणि प्रथिननिर्मिती सुरू होते. या काळात लांब शेपटी म्हणजे जास्त प्रथिन, हे समीकरण ठळकपणे दिसते. झेब्राफिश व झेनोपस यांच्या भ्रूणांत ते गॅस्ट्रुला अवस्थेच्या, म्हणजे पेशींचे थर घडू लागण्याच्या सुमारास विरून जाते, हे २०१४ मध्ये मोठ्या प्रमाणावर शेपट्या मोजून सिद्ध झाले. म्हणजे शेपटीची तीच लांबी अंडपेशीत एक गोष्ट सांगते आणि पुढच्या भ्रूणात दुसरीच.

फळमाशी : नॅनोसचे उदाहरण

विघटन हे रचनेचे साधन कसे बनते, ते नॅनोस जनुकाच्या एमआरएनएत सर्वांत स्वच्छ दिसते. नॅनोस प्रथिन भ्रूणाच्या मागच्या टोकाला, म्हणजे पोट जिथे घडते तिथे लागते. पुढच्या टोकाला ते बनले तर डोक्याची घडण बिघडते. पण या एमआरएनएचा अवघा ४ टक्क्यांच्या आसपासचा भाग मागच्या टोकाला बांधलेला असतो. बाकीचा अंडभर पसरलेला. या पसरलेल्या रेणूंवरच्या केसपिनेसारख्या वळणांना स्मॉग हे प्रथिन पकडते, त्यांच्यापासून प्रथिन बनू देत नाही आणि सीसीआर४-नॉटला बोलावून त्यांची शेपटी उतरवते. मागच्या टोकाला ऑस्कर प्रथिन असते व ते स्मॉगला रोखते. नेमकी जागा गाठण्यासाठी वाहतूक अपुरी पडली तिथे पेशीने उरलेले सगळे नष्ट करण्याचा मार्ग धरला.

स्मॉग स्वतः कुठून येतो? त्याचाही एमआरएनए आईनेच ठेवलेला असतो. अंडे उद्दीपित झाल्यावर पॅन-गू या कायनेजमुळे, म्हणजे फॉस्फेट चढवणाऱ्या विकरामुळे, त्याचे प्रथिन बनते. यासाठी फलनही आवश्यक नाही. फलन न झालेल्या पण उद्दीपित अंड्यातही शेकडो मातृक एमआरएनए नाहीसे होतात, म्हणजे विघटनाची पहिली लाट पूर्णपणे आईच्या साठ्यातूनच उठते. दुसरी लाट भ्रूणाच्या जनुकांवर अवलंबून असते. फळमाशीत तिच्यामागे मायआर-३०९ समूहातील सूक्ष्म आरएनएंचा, म्हणजे एमआरएनएला चिकटून त्याला निकामी करणाऱ्या छोट्या आरएनएंचा, मोठा वाटा आहे.

मासे आणि सस्तन प्राणी

झेब्राफिशमध्ये दुसऱ्या लाटेचा सूत्रधार मायआर-४३० हा सूक्ष्म आरएनए आहे. भ्रूणाच्या सर्वांत आधी चालू होणाऱ्या जनुकांपैकी तो एक. शेकडो मातृक एमआरएनए त्याच्यामुळे नष्ट होतात, हे २००६ मध्ये दाखवले गेले. तो आधी प्रथिननिर्मिती थोपवतो आणि विघटन त्यामागून येते, हा क्रम २०१२ मध्ये स्पष्ट झाला. सगळ्या पेशींत मात्र तो सारखा चालत नाही : भावी जननपेशींत डेड-एंड नावाचे प्रथिन नॅनोससारख्या एमआरएनएला त्याच्यापासून वाचवते.

रेणूच्या मधल्या, प्रथिनाचा क्रम सांगणाऱ्या भागालाही आयुष्याशी देणेघेणे आहे, हे झेब्राफिशच्या भ्रूणात कळायला २०१६ उजाडावे लागले. काही कोडॉन, म्हणजे या क्रमातली तीन-तीन अक्षरांची जुडगी, रेणूला टिकाऊ करतात, काही अल्पायुषी. पुढच्याच वर्षी, अॅडेनोसीनवर मिथिल गट चढलेले एमआरएनए वायटीएचडीएफ२ प्रथिनामुळे लवकर हटवले जातात, असे झेब्राफिशमध्ये आढळले.

उंदरात सूक्ष्म आरएनएंवर भिस्त नाही; त्याच्या अंडपेशीत त्यांचे काम जवळजवळ बंदच असते. विघटन अंडपेशी परिपक्व होतानाच सुरू होते आणि दोन पेशींच्या अवस्थेपर्यंत मातृक एमआरएनएचा फार मोठा भाग, सुमारे ९० टक्के, संपतो. इथे सीसीआर४-नॉटला कामाला लावते ते बीटीजी४. या प्रथिनाचा एमआरएनएदेखील साठ्यात निपचित पडलेला असतो आणि परिपक्वतेच्या वेळी शेपटी वाढवून चालू होतो. स्मॉगसारखीच ही गोष्ट : विध्वंसकाचा हुकूम शिदोरीतच बांधून दिलेला. बीटीजी४ नसलेल्या मादीची अंडपेशी परिपक्व होते, तिचे फलनही होते. पण भ्रूण एक-दोन पेशींवर अडतो. माणसात या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असलेल्या स्त्रियांमध्ये फलित अंड्याचे पहिले विभाजनच होत नाही, हे २०२० मध्ये नोंदले गेले. शेपटीच्या टोकाला युरिडीन जोडणारी टीयूटी४ व टीयूटी७ ही विकरेही सस्तन प्राण्यांत या कामी लागतात.

मोजण्यातली अडचण

अनेक जनुकांचे एमआरएनए आईकडूनही येतात आणि भ्रूणही बनवतो. जुने जात असतानाच नवे भरून येत असल्याने एकूण प्रमाण स्थिर दिसते आणि विघटन नजरेतून निसटते. अल्फा-अमानिटिन हे विष वापरून नवे प्रतिलेखन थांबवले की मातृक रेणू एकटे उरतात. पण त्याने भ्रूणजनुकांवर अवलंबून असलेली दुसरी लाटही बंद पडते, म्हणून या प्रयोगातून विघटनाचा वेग खऱ्याहून कमी दिसू शकतो. नव्या आरएनएवर ४-थायोयुरिडीनची (युरिडीनच्या बदललेल्या रूपाची) खूण करून जुने-नवे वेगळे ओळखण्याची पद्धत या बाबतीत अधिक भरवशाची आहे, कारण तिच्यात काहीच बंद पाडावे लागत नाही.