थिएटरच्या दारात मूल रडू नये म्हणून

तीन वर्षांच्या मुलाला हर्निया म्हणजे काय ते कळत नाही. सकाळपासून कुणी खायला दिलेलं नाही आणि आता तोंड झाकलेली अनोळखी माणसं आपल्याला आईच्या कडेवरून उचलून नेताहेत, एवढंच त्याला कळतं. या वयात समजूत घालून फारसं साधत नाही. म्हणून बरेच भूलतज्ज्ञ मुलाला ऑपरेशन थिएटरमध्ये नेण्याआधी एक औषध पाजतात. घरचे त्याला झोपेचं औषध म्हणतात, आणि मूल टक्क जागं दिसलं की काळजीत पडतात. पण ते झोपलं नाही तरी चालतं. त्याची भीती उतरली की औषधाचं काम झालं.

ही भीती रडण्यापुरतीच असती तर एवढा खटाटोप लागला नसता. डेव्हिड लेव्ही या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने 1945 मध्ये ऑपरेशननंतर दचकून उठणाऱ्या, आईला चिकटून राहणाऱ्या मुलांबद्दल लिहिलं आणि त्यांच्या त्रासाची तुलना युद्धातून परतलेल्या सैनिकांच्या मानसिक आघाताशी केली. आजही ऑपरेशननंतर काही दिवस अंथरूण ओलं करणं, रात्री किंचाळणं, जेवायला नकार देणं असे प्रकार दिसतात. भूल देताना जे मूल जास्त घाबरलेलं असतं, त्याच्यात ते अधिक आढळतात.

औषध बहुधा मिडॅझोलाम असतं. डायझेपाम या चिंता कमी करणाऱ्या औषधाच्या कुळातलं हे औषध 1970 च्या दशकात हॉफमन-ला रोश कंपनीत तयार झालं. मेंदूतल्या पेशींची उत्तेजना आवरणारं ‘गाबा’ नावाचं रसायन असतं. मिडॅझोलाम त्याचा प्रभाव वाढवतं. याच्या रेणूची रचना मोठी सुंदर आहे. आम्लधर्मी द्रावणात त्यातलं अणूंचं एक कडं उघडतं आणि औषध पाण्यात विरघळतं. रक्तात आम्लता नसते, तिथे कडं पुन्हा मिटतं, रेणू मेदात विरघळणारा होतो आणि चटकन मेंदूत शिरतो.

चव मात्र जहाल कडू. त्यामुळे इंजेक्शनचंच द्रावण मधात किंवा गोड रसात मिसळून सुईविना सिरिंजने गालाच्या आत सोडायची पद्धत आपल्याकडे आहे. तोंडावाटे मात्रा साधारणपणे किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे 12 किलोच्या मुलाला 6 मिलिग्रॅम. शिरेतून देताना याच्या कितीतरी कमी पुरतं. पोटातून घेतलेल्या औषधाचा मोठा भाग यकृत आधीच मोडून टाकतं. मुलाने अर्धं औषध थुंकलं तर आत किती गेलं हे कुणालाच सांगता येत नाही, आणि अंदाजाने पुन्हा पाजणं धोक्याचं. थुंकलं असेल तर लपवू नका, लगेच सांगा. उपास मोडेल ही भीतीही नको. एवढ्याशा औषधाचा हिशेब डॉक्टरांनी धरलेला असतो.

खरी गोची वेळेची आहे. परिणाम दिसायला 20 ते 30 मिनिटं लागतात आणि तो साधारण तासाभरात ओसरू लागतो. आधीचं ऑपरेशन लांबलं की आधीच पाजलेलं औषध वाया जातं. नंबर अचानक आला की थिएटरच्या दारात घाईने पाजलं जातं आणि मूल तसंच रडत आत जातं. औषध फुकट जातं ते बहुतेकदा इथेच. वॉर्ड आणि थिएटर यांच्यात एक फोन वेळेवर व्हावा, इतकी साधी ही गोष्ट आहे.

वेळ साधली तर बदल डोळ्यांना दिसतो. मुलाची मान किंचित डुलते, ते उगाच हसतं, बोबडं बोलतं आणि मास्क तोंडावर येऊ देतं. या वेळी त्याला खाली चालायला सोडू नये, तोल जातो. बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावतात. त्यानंतर घडलेलं बरंचसं त्याच्या आठवणीत राहत नाही. क्वचित एखादं मूल शांत व्हायच्या ऐवजी चिडून हातपाय झाडतं. औषधाचा अंमल उतरला की तेही थांबतं.

आईवडील आत असले तर औषध कशाला, हा प्रश्न अमेरिकेतल्या येल विद्यापीठात झीव्ह काइन यांच्या गटाने 1998 मध्ये तपासला. पालक सोबत असलेल्या मुलांपेक्षा मिडॅझोलाम दिलेली मुलं जास्त शांत होती. तरी पालकांना आत घ्यावं असं मला वाटतं, कारण दाराशीच ताटातूट होण्याचा प्रसंग टळतो. आपल्याकडे अनेक ठिकाणी त्यांना आत सोडत नाहीत, तिथे तर औषधाचं मोल आणखी वाढतं.

डेक्समेडेटोमिडीन हा अलीकडचा पर्याय नाकात थेंबाने किंवा फवाऱ्याने देतात. कडू घोट टळतो, झोप नैसर्गिक झोपेच्या जवळची असते; पण त्याला जास्त वेळ लागतो आणि नाडी मंदावू शकते.

भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा मूल रात्री मोठ्याने घोरतं का, झोपेत त्याचा श्वास अडतो का, हे आवर्जून सांगा. टॉन्सिल वाढलेल्या मुलांत हे नेहमीचं असतं आणि मग औषधाची मात्रा कमी करतात किंवा ते टाळतात. एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन यांपैकी एखादं अँटिबायोटिक चालू असेल तर तेही सांगा, कारण त्यांच्यामुळे मिडॅझोलाम शरीरात जास्त वेळ रेंगाळतं. फिटच्या काही गोळ्यांनी नेमकं उलट होतं: औषध लवकर मोडतं आणि नेहमीची मात्रा अपुरी पडते.