प्रात्यक्षिके आणि विज्ञानाविषयीची समजूत

प्रयोगशाळेत स्वतःच्या हाताने प्रयोग करताना विद्यार्थ्याच्या मनात विषयाबरोबर ‘विज्ञान चालते कसे’ याचीही समजूत तयार होते. ती कशी होईल हे प्रयोग कसा करून घेतला जातो यावर ठरते.

साध्या लंबकाचा प्रयोग गोव्यातील मुलेही करतात. एक मीटर लांबीला आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ, साधारण २ सेकंद येतो, त्यावरून गुरुत्वत्वरण काढायचे. उत्तर ९.८ हे आधीच पाठ असते. सुरुवातीला ‘शून्य’ऐवजी ‘एक’ म्हटले, की २० समजून १९ च झोके मोजले जातात आणि उत्तर १०.९ च्या आसपास जाते. मग आकडे खोडून उत्तरावरून उलटी वाचने भरली जातात, जर्नलवर सही मिळते. त्या खोडलेल्या आकड्यातच खरे शिकणे होते. हाती मात्र एवढेच उरते, की विज्ञानाची उत्तरे ठरलेली असतात आणि आपण ती जुळवायची. ही हानी मोठी आहे.

अमेरिकेत नताशा होम्स, कार्ल वीमन या भौतिकशास्त्राच्या संशोधकांनी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन संस्थांतील नऊ भौतिकशास्त्र प्रयोगवर्ग तपासले. वर्गात शिकवलेले पक्के व्हावे म्हणून घेतलेल्या प्रात्यक्षिकांनी परीक्षेतील गुण वाढल्याचे दिसले नाही. साचेबंद प्रयोगांपेक्षा मोकळ्या प्रयोगांनंतर विद्यार्थ्यांची दृष्टी प्रयोग करणाऱ्या शास्त्रज्ञांच्या अधिक जवळ असते, असेही अमेरिकेतल्याच दुसऱ्या पाहण्यांत आढळले.

मोकळा प्रयोग गोव्यात दाराशीच आहे. मांडवीचे पाणी बाटलीत आणावे, त्यात पोटॅशियम क्रोमेटचे थेंब टाकावेत आणि ब्युरेटमधून (थेंब मोजून सोडणाऱ्या आकड्यांच्या काचनळीतून) सिल्व्हर नायट्रेट सोडावे. पांढरा साका धरत जातो, आणि एका थेंबाला पिवळ्यावर विटकरी छटा येऊन टिकते. तिथे थांबून क्लोराइडचे, म्हणजे मिठातल्या मुख्य घटकाचे, प्रमाण काढता येते. समुद्राच्या एका किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. नदीमुखाच्या पाण्यात किती, हे पावसावर, भरती-ओहोटीवर आणि बाटली कुठे भरली यावर अवलंबून. जुळवायला उत्तरच नाही. दोन गटांचे आकडे वेगळे आले, तर चूक हाताची की पाणीच वेगळे, हे पुन्हा मोजूनच ठरवावे लागते.

मराठी प्राथमिक शाळेतून पुढे इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलांना ब्युरेट, पिपेट हे शब्द प्रयोगशाळेत भेटतात. ‘मचूळ’ मात्र घरचा शब्द. खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या, बांधाकडचे पाणी जिभेवर कसे लागते हे ठाऊक असलेले मूल ब्युरेटवरचा आकडा वाचते, तेव्हा तो खरा वाटतो की नाही हे त्याला स्वतःला सांगता येते.