टेलिपोर्टेशनची आयडिया सुचली? आधी आकडे मांडून बघा

हौशी लोक भविष्यातल्या टेक्नॉलॉजीवर डोकं चालवायला बसले की फिरून फिरून टेलिपोर्टेशनवर येतातच. इथे गायब व्हायचं, तिथे उमटायचं, मध्ये ना रस्ता ना विमान. मला यात काहीच वावगं वाटत नाही, उलट असा विचार करणारे जितके जास्त तितकं चांगलं. फक्त एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते, की आयडिया सुचल्यावर लगेच "हे शक्य आहे का" म्हणून वाद घालत बसण्यापेक्षा "याला नक्की अडवतंय कोण" हे शोधा. निसर्गाचा नियम अडवतोय, की नुसता प्रचंड मोठा आकडा अडवतोय, की फक्त लोकांचं मत आडवं येतंय? लांबून तिन्ही अडथळे सारखेच दिसतात, जवळ जाऊन आकडेमोड केली की कुठला कोणता ते कळतं.

सगळ्यात आधी सुचते ती आयडिया म्हणजे शरीराची ऊर्जा करायची, ती प्रकाशासारखी पाठवायची आणि पलीकडे परत शरीर बनवायचं. आता आइनस्टाइनचं समीकरण घ्या, वस्तुमान गुणिले प्रकाशाच्या वेगाचा वर्ग. ७० किलोच्या माणसाची निघणारी ऊर्जा साधारण १५०० मेगाटन टीएनटी या स्फोटकाएवढी भरते. आजवर फोडलेला सगळ्यात मोठा अणुबॉम्ब सोव्हिएत युनियनचा, १९६१ सालचा, तो सुमारे ५० मेगाटनचा होता, म्हणजे एका माणसाला पाठवायला तसले तीस बॉम्ब एकदम सांभाळायचे. शिवाय साध्या पदार्थाची अशी पूर्ण ऊर्जा करायची तर त्याची प्रतिद्रव्याशी (साध्या पदार्थाचा उलटा जोडीदार, दोघे भेटले की दोघेही संपून ऊर्जा होते) गाठ घालावी लागते आणि तेही तेवढ्याच वजनाचं हवं. हा रस्ता मी तरी सोडून देईन.

दुसरी आयडिया अवकाशातल्या शॉर्टकटची, वर्महोलची. आइनस्टाइन आणि रोझेन यांनी १९३५ मध्ये गणितात असा पूल मांडला, १९८८ मध्ये मॉरिस आणि थॉर्न यांनी तो उघडा ठेवायला ऋण ऊर्जा असलेला पदार्थ लागेल हे दाखवलं. तसा पदार्थ त्या प्रमाणात कुणाकडेही नाही, त्यामुळे इथे हौशी माणसाला हात घालायला फारसं काही नाही.

तिसरी आयडिया मात्र खरंच मजबूत आहे. माणूस पाठवायचाच नाही, माहिती पाठवायची. इथे स्कॅन करा, डेटा पाठवा, तिथे असलेल्या कच्च्या मालातून परत उभं करा. कार्बनचा एक अणू दुसऱ्या कार्बनच्या अणूपेक्षा वेगळा ओळखता येत नाही (एकाच आयसोटोपचे, म्हणजे सारख्याच वजनाच्या प्रकारचे, आणि एकाच अवस्थेतले असतील तर), मग माल कुठला वापरला याने काय फरक पडतो? आता आकडा मांडू. माणसाच्या शरीरात अंदाजे ७ वर २७ शून्यं इतके अणू असतात. प्रत्येक अणू कोणता, कुठे आहे, कोणाला जोडलाय एवढं लिहायला १०० बिट धरा, ही मी माझ्या अंदाजाने धरलेली संख्या आहे, तुम्ही कमीजास्त धरा. सेकंदाला एक टेराबिट (एक लाख कोटी बिट) जाणारी लाइन घेतली, जी घरच्या इंटरनेटच्या कितीतरी पुढची गोष्ट आहे, तरी पूर्ण माणूस पाठवायला साधारण २२०० कोटी वर्षं लागतात. विश्वाचं वय आहे १३८० कोटी वर्षं.

पण बघा, इथे निसर्गाचा कुठलाच नियम मोडलेला नाही, नुसता आकडा मोठा आहे. आणि मोठा आकडा पाहून लोक आयडिया टाकून देतात हे मला पटत नाही, कारण आकडा मोठा असेल तर पाठवायची वस्तू लहान करता येते. चित्राच्या बाबतीत हे कधीच घडलंय. अलेक्झांडर बेन हा स्कॉटलंडचा घड्याळजी, त्याने १८४३ मध्ये तारेवरून चित्र पाठवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. दोन ठिकाणी दोन लंबक एकाच तालात हलायचे, इकडच्या लंबकाची सुई उठावदार धातूच्या अक्षरांवरून फिरायची, धातू लागला की करंट जायचा, आणि तिकडे रसायनात भिजवलेल्या कागदावर त्याच जागी रेघ उमटायची. ओळीमागून ओळ. ज्या माणसाचा सगळा जन्म लंबकांत गेला त्यालाच दोन लंबक एका तालात ठेवायची युक्ती सुचली, हे मला फार आवडतं. टीव्हीच्या शोधकांपैकी एक, अमेरिकेतला फायलो फार्न्सवर्थ चौदा वर्षांचा असताना नांगरलेल्या शेतातल्या समांतर ओळी बघून त्याच्या डोक्यात चित्र ओळीओळीने वाचायची कल्पना आली असं सांगतात, आणि १९२७ च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या २१ व्या वर्षी, त्याने पूर्ण इलेक्ट्रॉनिक पद्धतीने एक सरळ रेघ एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पाठवून दाखवली.

वस्तूंचंही असंच. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी २००५ मध्ये रेपरॅप नावाचा प्रकल्प सुरू केला, स्वतःचे बरेचसे प्लॅस्टिकचे भाग स्वतःच छापणारा थ्रीडी प्रिंटर, डिझाइन सगळ्यांना खुलं. ते घेऊन जगभरच्या हौशी लोकांनी घरोघरी प्रिंटर जोडले, बिघडवले, सुधारले, आणि थ्रीडी प्रिंटर घरात परवडायला लागला त्यात या लोकांचा वाटा फार मोठा आहे. पुढे डिसेंबर २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात एक रॅचेट पाना हवा होता तर नासाने रॉकेटने पाना पाठवला नाही, जमिनीवर डिझाइन झालं, फाइल वर गेली, आणि वर असलेल्या प्रिंटरने साधारण चार तासांत पाना छापून काढला. फक्त आकार गेला, प्लॅस्टिक आधीच वर होतं. टेलिपोर्टेशनच्या तिसऱ्या आयडियाची ही छोटी पण खरी आवृत्तीच म्हणायची.

आता निसर्गाच्या नियमाकडे येऊ, कारण अणूच्या पातळीवर अगदी तंतोतंत स्कॅन करायला गेलं की तो आडवा येतोच. एखाद्या कणाची क्वांटम अवस्था, म्हणजे त्याचं त्या क्षणाचं पूर्ण वर्णन, एका मोजणीत पूर्ण वाचता येत नाही आणि मोजलं की ती अवस्था बदलते. १९८२ मध्ये वूटर्स आणि झुरेक यांनी, आणि वेगळेपणाने डीक्स यांनी, हेही सिद्ध केलं की अनोळखी क्वांटम अवस्थेची हुबेहूब कॉपी काढताच येत नाही. इथे मशीन सुधारून काही उपयोग नाही, ही भिंतच आहे.

मग १९९३ मध्ये सहा शास्त्रज्ञांनी एक पेपर लिहिला, बेनेट, ब्रासार्ड, क्रेपो, जोझा, पेरेस आणि तेच वूटर्स, आणि त्यांनी भिंतीला धडक न देता बाजूने वाट काढली. त्यांचं म्हणणं, अवस्था वाचायचीच कशाला? आधी एकमेकांत गुंतलेल्या (म्हणजे दोघांची मिळून एकच अवस्था असलेल्या) दोन कणांची जोडी करा, एक इथे ठेवा, एक तिथे न्या. आता जो कण पाठवायचाय तो आणि इथला जोडीदार या दोघांना मिळून मोजा, म्हणजे प्रत्येकाला वेगवेगळं न मोजता दोघांचं आपसातलं नातं मोजा. चारपैकी एक उत्तर येतं, म्हणजे फक्त दोन बिट. या मोजणीत मूळ कणाची अवस्था पुसली जाते, कॉपी न काढण्याचा नियम तिथेच पाळला जातो. ते दोन बिट फोनने, रेडिओने, कसेही पलीकडे कळवा. पलीकडचा माणूस त्याप्रमाणे चारपैकी एक ठरलेली क्रिया करतो (एका उत्तराला तर काहीच करावं लागत नाही) आणि त्याच्या हातातल्या कणाची अवस्था मूळ कणासारखी होते. ती अवस्था काय होती हे दोघांपैकी कुणालाच कळलेलं नसतं, आणि सगळी युक्ती त्यातच आहे!

यातून एक गैरसमज होतो, तो इथेच मिटवावा, की हे प्रकाशापेक्षा वेगाने होतं. नाही होत. ते दोन बिट पोचेपर्यंत पलीकडच्याकडे जे आहे ते निव्वळ यादृच्छिक दिसतं आणि बिट प्रकाशाच्या वेगापेक्षा जोरात जात नाहीत.

१९९७ मध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला अँटोन झायलिंगर यांच्या गटाने हे फोटॉनवर (प्रकाशाच्या कणांवर) करून दाखवलं, त्यांच्या यंत्राला चार उत्तरांपैकी एकच ओळखता यायचं, म्हणजे फार तर चारातल्या एकदा काम फत्ते. २००४ मध्ये अणूंवर जमलं. २०१२ मध्ये कॅनरी बेटांत ला पाल्मा ते टेनेरिफ असं १४३ किलोमीटरवर जमलं. २०१७ मध्ये चीनने तिबेटमधल्या केंद्रावरून मिशियस सॅटेलाइटपर्यंत १४०० किलोमीटर गाठले, पण लाखोंनी फोटॉन पाठवूनही ३२ दिवसांत खात्रीचे मिळाले ९११. कण कुठे आणि ७ वर २७ शून्यं कुठे, तरीही चार वर्षांत कागदावरची कल्पना प्रयोगशाळेत आली हे विसरू नका.

राहिला लोकांच्या मताचा अडथळा, तो हौशी लोकांनी सगळ्यात सुंदर ओलांडलाय रेडिओत. अमेरिकेत १९१२ च्या कायद्याने हौशी रेडिओवाल्यांना २०० मीटर आणि त्याखालच्या तरंगलांबीवर ढकललं, कारण जाणकारांच्या मते लांबचं बोलायला मोठ्या लांबीच्या लहरीच हव्यात आणि या छोट्या लहरी निरुपयोगी. हौशी लोक तिथेच रमले, रात्र रात्र कानाला हेडफोन लावून बसले, आणि डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली नावाच्या हौशी माणसाने स्कॉटलंडच्या अर्ड्रोसनला तंबूत बसून अमेरिकेतल्या हौशी लोकांचे सिग्नल ऐकले. १९२३ च्या नोव्हेंबरमध्ये ११० मीटरच्या आसपास अटलांटिकपार दोन्ही बाजूंनी बोलणंही झालं. आकाशातला आयनोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, या लहरी परत खाली वळवतो म्हणून हे जमतं. नियम आडवा नव्हता, आडवं होतं ते फक्त मत. म्हणून कोणी "शक्यच नाही" म्हणालं तर त्याला नम्रपणे विचारावं, कुठला नियम? उत्तरात नियमाचं नाव आलं, समजा ऊर्जेची अक्षय्यता, तर मान्य करून पुढे जावं, शाश्वत गतीच्या (ऊर्जा न घेता कायम चालणाऱ्या) यंत्रात आयुष्य घालवू नये. नाव आलं नाही तर वही काढावी.

आणि एकत्र बसून आयडिया काढायच्या पद्धतीबद्दलही थोडं. ब्रेनस्टॉर्मिंग रूढ केलं ते जाहिरात क्षेत्रातल्या अ‍ॅलेक्स ऑसबर्न यांनी, नियम असा की आधी भरपूर आयडिया काढा, टीका नंतर. पण १९५८ मध्ये येल विद्यापीठात तपासलं तर चार जणांच्या गटापेक्षा चार जणांनी वेगवेगळं बसून काढलेल्या आयडिया एकत्र केल्या की संख्येने जास्त भरल्या. पुढच्या संशोधनात एक मोठं कारण हे सापडलं की एक बोलत असताना बाकीचे थांबतात आणि त्यांची आयडिया विरून जाते. तेव्हा आधी प्रत्येकाने एकट्याने कागदावर लिहावं, आकड्यांसकट, मग जमावं आणि एकमेकांचे आकडे तपासावेत. तपासायला दुसरा माणूस फारच उपयोगी पडतो, शून्य एखादं इकडचं तिकडे झालेलं आपलं आपल्याला दिसत नाही.

ज्यांना यात खरोखर हात घालायचाय त्यांच्यासाठी आता एक सोय झालीय जी १९९७ च्या त्या गटालाही नव्हती. आयबीएमने मे २०१६ मध्ये आपला पाच क्युबिटचा (क्युबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरमधला बिट, जो शून्य, एक किंवा अधल्यामधल्या अवस्थेत असू शकतो) क्वांटम कॉम्प्युटर इंटरनेटवरून कोणालाही वापरायला खुला केला, आता त्यांची मशीन बरीच मोठी झालीत. टेलिपोर्टेशनच्या सर्किटला फक्त तीन क्युबिट लागतात. दुसरा आणि तिसरा आधी गुंतवायचा, मग पहिला आणि दुसरा मिळून मोजायचा, आणि आलेल्या दोन बिटांप्रमाणे तिसऱ्यावर क्रिया करायची, सगळ्या मिळून हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या पायऱ्या. अंतर चिपवरचं, मिलिमीटरांतलं, पण अवस्था खरीच एका क्युबिटवरून दुसऱ्यावर जाते. हजारभर वेळा चालवलं की निकालात थोडे चुकीचेही आकडे येतात, त्या मशीनमधल्या चुका असतात. आधी पहिला क्युबिट शून्यावर ठेवून चालवा, मग एकवर, मग अधल्यामधल्या अवस्थेत, आणि कोणत्या वेळी चुका वाढतात ते लिहून ठेवा. क्युबिटला वाट बघायला लावली की त्या आणखी वाढतात का, तेही बघा.