अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांना हॅझमॅट (घातक पदार्थ) वाहतुकीचे नियम कधी लागू होतात? सूट, पात्रता आणि कागदपत्रं

अमेरिकेतल्या स्टेट युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये काम करणाऱ्यांच्या कानावर एक वाक्य कधी ना कधी पडतंच: "आपण सरकारी आहोत, आपल्याला डीओटीचे (परिवहन विभागाचे) नियम लागत नाहीत." हे अर्धं खरं आहे आणि घोळ तिथेच होतो. सूट आहे, पण ती विद्यापीठाच्या नावाला दिलेली नाही. गाडी कोण चालवतंय आणि कशासाठी चालवतंय, यावर ती ठरते. ॲसिटोनची बाटली सकाळी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्याने संशोधनासाठी व्हॅनमधून नेली तर ती नियमांच्या बाहेर. तशीच दुसरी बाटली दुपारी कुरिअरच्या हवाली केली की ती नियमांच्या कचाट्यात.

घातक पदार्थांच्या वाहतुकीचे केंद्रीय नियम ४९ सीएफआरच्या, म्हणजे केंद्रीय नियमसंग्रहातल्या ४९व्या शीर्षकाच्या, भाग १७१ ते १८० मध्ये आहेत. ते राबवते परिवहन विभागातली पीएचएमएसए ही संस्था. बोलताना सगळे 'फिम्सा'च म्हणतात. हे नियम व्यापारी वाहतुकीसाठी आहेत. नियम कुठे लागू नाहीत याची यादी कलम १७१.१(डी) मध्ये आहे आणि आपल्याला हवी ती ओळ त्यातल्या उपकलम ५ मध्ये सापडते: केंद्र, राज्य किंवा स्थानिक सरकारच्या कर्मचाऱ्याने, निव्वळ बिगर-व्यापारी सरकारी कामासाठी चालवलेलं वाहन, विमान किंवा जहाज.

सूट कोणाला मिळते

पहिला प्रश्न: विद्यापीठ कायद्याने राज्य सरकारचा भाग आहे का? नावात 'स्टेट' असणं किंवा राज्याकडून अनुदान मिळणं हा पुरावा नव्हे. याचं उत्तर विद्यापीठाच्या कायदा विभागाकडे किंवा ईएचएस (पर्यावरण, आरोग्य आणि सुरक्षितता) ऑफिसकडे लेखी असायला हवं. खासगी विद्यापीठाला ही सूट नाही, मग ते कितीही मोठं आणि ना-नफा असो.

दुसरा प्रश्न: चालक सरकारी कर्मचारी आहे का? पगारी रिसर्च असिस्टंट विद्यापीठाच्या पटावर असतो, त्यामुळे तो सहसा या अटीत बसतो. उन्हाळ्यात बिनपगारी अनुभवासाठी आलेला अंडरग्रॅज्युएट बसत नाही. कंत्राटी वाहतूकदारही बसत नाही, माल विद्यापीठाचा असला आणि गाडीवर विद्यापीठाचा लोगो असला तरी.

तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो. काम खरंच बिगर-व्यापारी आहे का? अध्यापन आणि विद्यापीठाचं स्वतःचं संशोधन यात अडचण येत नाही. पण लॅब बाहेरच्या कंपन्यांचे नमुने फी घेऊन तपासत असेल आणि तेच नमुने गाडीतून फिरत असतील, तर 'निव्वळ सरकारी काम' म्हणणं अवघड आहे. नियमात 'निव्वळ' हा शब्द आहे आणि तो उगाच घातलेला नाही.

तिन्ही उत्तरं 'हो' असतील तरच सूट. त्यानंतरही राज्याचा कायदा पाहावा लागतो, कारण बऱ्याच राज्यांनी केंद्राचे हे नियम आपल्या कायद्यात घेतले आहेत आणि तिथे सरकारी वाहनांबद्दल वेगळी तरतूद असू शकते. आणखी एक: गाडीवर प्लॅकार्ड, म्हणजे धोक्याची मोठी पाटी, लावण्याइतका माल असेल तर हॅझमॅटच्या शेऱ्यासह व्यावसायिक ड्रायव्हिंग लायसन्स, म्हणजे सीडीएल, लागतं. ही अट सरकारी कर्मचाऱ्यालाही आहे.

कॅम्पसच्या आतल्या आत माल हलवण्यासाठी वेगळी सूट आहे, पण तीत सलग हद्द आणि लोकांच्या प्रवेशावर निर्बंध अशा अटी आहेत. ज्या कॅम्पसमधून शहर बस जाते आणि कोणीही फिरायला येतं, तिथे हिच्यावर विसंबू नये.

सूट असूनही न सुटणाऱ्या गोष्टी

किरणोत्सारी पदार्थ आधी. लॅबकडे एनआरसीचा (अणु नियामक आयोगाचा) परवाना असेल तर १० सीएफआर ७१.५ वाचा. त्यात स्पष्ट म्हटलंय की एखाद्या वाहतुकीला डीओटीचे नियम लागू नसले, तरी परवानाधारकाने ते लागू आहेत असं धरूनच वागायचं. म्हणजे एका दाराने मिळालेली सूट दुसऱ्या दाराने परत घेतलेली आहे. 'आपण सरकारी' हा युक्तिवाद इथे संपतो.

घातक कचऱ्याचंही तसंच. तो पर्यावरण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या नियमांखाली येतो. महिन्याला १०० किलोपेक्षा जास्त कचरा होणाऱ्या ठिकाणाला फॉर्म ८७००-१२ भरून ईपीए क्रमांक घ्यावा लागतो आणि कचरा बाहेर पाठवताना फॉर्म ८७००-२२, म्हणजे मॅनिफेस्ट, लागतं. विद्यापीठ सरकारी असल्याने यात फरक पडत नाही.

आणि विमान. कॉन्फरन्सला जाताना बॅगेत सॉल्व्हंटची कुपी टाकणारे महाभाग अजूनही भेटतात. प्रवासी विमान विद्यापीठाचा कर्मचारी चालवत नसतो, तेव्हा सूट विसरा.

कुरिअरने पाठवायचं असेल तर

इथे विद्यापीठ 'शिपर', म्हणजे माल पाठवणारं, होतं आणि नियम पूर्ण लागू होतात. नियमांतल्या 'हॅझमॅट एम्प्लॉयर'च्या व्याख्येत, व्यापारी वाहतुकीसाठी घातक माल सोपवणारी राज्य सरकारची यंत्रणाही नाव घेऊन धरलेली आहे. म्हणून पळवाट नाही.

आधी प्रशिक्षण. पार्सल भरणारा, कागदावर सही करणारा, लेबल चिकटवणारा, सगळ्यांना कलम १७२.७०४ नुसार प्रशिक्षण हवं: सर्वसाधारण ओळख, प्रत्यक्ष कामाचं, सुरक्षिततेचं आणि सिक्युरिटीबद्दल जागरूकतेचं. जमिनीवरच्या वाहतुकीसाठी ते दर ३ वर्षांनी, विमानाने पाठवायचं असेल तर आयएटाच्या (विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमांनुसार दर २ वर्षांनी. नवा माणूस पहिले ९० दिवस प्रशिक्षित माणसाच्या थेट देखरेखीखाली काम करू शकतो. नोंदीत नाव, प्रशिक्षण पूर्ण केल्याची तारीख, साहित्याचं वर्णन, प्रशिक्षकाचं नाव-पत्ता आणि परीक्षा घेतल्याचं प्रमाणपत्र हवं. तपासणीत पहिली मागणी याच फाइलची होते, कारण तिथली त्रुटी दाखवायला काही उकरावं लागत नाही.

मग वर्गीकरण. बाजारातल्या रसायनाच्या एसडीएसमध्ये, म्हणजे सुरक्षा माहितीपत्रकात, भाग १४ वाहतुकीचा असतो. पण ओशाच्या (कामगार सुरक्षा संस्थेच्या) नियमात तो भाग बंधनकारक नाही, त्यामुळे कधी तो रिकामा असतो, कधी त्रोटक. खरी पंचाईत लॅबमध्ये नव्याने बनवलेल्या संयुगाची. वीस मिलिलीटरच्या कुपीत तळाशी पांढरी भुकटी, वर मार्करने लिहिलेला नोटबुक क्रमांक आणि एसडीएसचा पत्ता नाही. अशा वेळी वर्गीकरणाची जबाबदारी शिपरची, म्हणजे तुमची. रचना, द्रावक, ज्वलनशीलता, साम्य असलेल्या संयुगांची माहिती हे सगळं ईएचएसला द्या आणि निर्णय त्यांच्याकडून लेखी घ्या. 'बहुतेक निरुपद्रवी आहे' हे वर्गीकरण नव्हे.

मात्र थोड्या मालासाठी सोपे मार्ग आहेत आणि लॅबचं बरंचसं काम त्यातच भागतं. कलम १७३.४ए मध्ये 'एक्सेप्टेड क्वांटिटी'ची सोय आहे. बऱ्याच पदार्थांना आतल्या डब्यात ३० मिली किंवा ३० ग्रॅमपर्यंत ती लागू होते, काही विषारी पदार्थांना फक्त १ मिली किंवा १ ग्रॅमपर्यंत. प्राणिशास्त्रवाल्यांसाठी कलम १७३.४बी मध्ये अल्कोहोलमध्ये जपलेल्या असंसर्गजन्य नमुन्यांची स्वतंत्र तरतूद आहे, जी फार कमी जणांना माहीत असते. स्वतःच्या कामासाठी स्वतःच्या गाडीतून थोडा माल नेणाऱ्या संस्थांना 'मटेरियल्स ऑफ ट्रेड' हे कलम १७३.६ उपयोगी पडतं. त्यात एका गाडीत एकूण मर्यादा साधारण २०० किलो. घातक कचरा मात्र त्यात बसत नाही.

ड्राय आइसबद्दल (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडबद्दल) एक गंमत. केंद्राच्या यादीत तो फक्त विमान आणि जहाजासाठी नियंत्रित आहे, रस्त्याने जाताना नाही. पण पार्सल रस्त्याने जाईल की विमानाने, हे कुरिअर कंपनी ठरवते. म्हणून खोक्यावर यूएन१८४५ हा ड्राय आइसचा ओळख क्रमांक, निव्वळ वजन किलोमध्ये आणि वर्ग ९ चं लेबल लावणं शहाणपणाचं. खोकं हवाबंद कधीही करू नका. वायूला वाट मिळाली नाही तर ते फुटतं.

रक्ताचे किंवा ऊतींचे कॅटेगरी बी, म्हणजे कमी धोक्याच्या संसर्गजन्य गटातले, नमुने असतील तर तीन थरांचं पॅकिंग, मध्ये शोषक, बाहेर यूएन३३७३ चं चौकोनी चिन्ह आणि जबाबदार व्यक्तीचं नाव व फोन.

शिपिंग पेपरवर काय हवं

वर्णनाचा क्रम ठरलेला आहे आणि तो बदलत नाही. ॲसिटोनचं उदाहरण: यूएन१०९० (ओळख क्रमांक), ॲसिटोन, ३ (धोक्याचा वर्ग), पॅकिंग ग्रुप २ (धोक्याची तीव्रता). पुढे एकूण प्रमाण, खोक्यांची संख्या आणि प्रकार, शिपरचं प्रमाणपत्र आणि सही. शिवाय आपत्कालीन फोन नंबर, जो माल वाटेत असेपर्यंत सतत उचलला गेला पाहिजे. प्राध्यापकांचा ऑफिसचा नंबर इथे चालत नाही. रात्री दोनला ट्रक उलटला तर फोन घेणाऱ्याला पदार्थाची माहिती असायला हवी, म्हणून विद्यापीठं सहसा चोवीस तास चालणाऱ्या सेवेशी करार करतात. कागदाची प्रत २ वर्षं जपायची, घातक कचऱ्याची ३ वर्षं.

फिम्साची वार्षिक नोंदणी, म्हणजे फॉर्म एफ ५८००.२, राज्य सरकारच्या यंत्रणेला लागत नाही. ही सवलत मात्र खरोखर संस्थेला आहे. खासगी विद्यापीठाला माल ठरावीक मर्यादेपुढे गेला की नोंदणी आणि फी दोन्ही.

ईएचएसकडे अर्ज करताना

प्रत्येक विद्यापीठाचा फॉर्म वेगळा असला तरी मागणी तीच असते: रसायनाचं पूर्ण नाव आणि सीएएस (रसायनाचा नोंदणी) क्रमांक, तीव्रता, प्रमाण, एसडीएस, आतल्या डब्याचा प्रकार, कुठे आणि कोणत्या मार्गाने जाणार, घेणारा तयार आहे का. परदेशी पाठवायचं असेल तर निर्यात नियंत्रणाची तपासणी वेगळी. सिलेक्ट एजंट, म्हणजे सरकारी यादीतला अतिधोकादायक जंतू किंवा विष, असेल तर एपीएचआयएस/सीडीसी फॉर्म २ ची मंजुरी आल्याशिवाय कुपी फ्रीझरमधून काढूसुद्धा नका. हे सगळं पाठवण्याच्या दिवशी सकाळी नेऊन दिलं तर ईएचएसवाले चिडतात, आणि ते बरोबर असतात.

दंडाची कमाल मर्यादा दर उल्लंघनाला सुमारे १ लाख डॉलर आहे आणि महागाईनुसार ती वाढत जाते. प्रशिक्षणाच्या उल्लंघनाला किमान दंडही ठरलेला आहे.

सूट लागू होते की नाही यावर विद्यापीठातच दुमत असेल, तर फिम्साकडे लेखी स्पष्टीकरण मागता येतं. त्याची तरतूद ४९ सीएफआर १०५.२० मध्ये आहे. पत्रात चालक कोणाचा, गाडी कोणाची, पदार्थ कोणता आणि वाहतूक कशासाठी, हे चारही मुद्दे स्पष्ट लिहा. यातला एखादा मुद्दा मोघम ठेवला तर उत्तरही मोघमच येतं.