ग्वालिया
पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या गोल्डफील्ड्स भागातील ओसाड पडलेले खाणगाव. पर्थपासून सुमारे ८३० किमी. आणि कालगुर्लीच्या उत्तरेस सुमारे २३५ किमी. असलेल्या लिओनोरा या गावाला ते अगदी लागून आहे. गाव ओस असले तरी खाण चालू आहे, त्यामुळे ‘भुताचे गाव’ हे पर्यटनपत्रिकांतले लाडके वर्णन निम्मेच खरे.

१८९६ मध्ये येथे सोने सापडले. शोधकऱ्यांना पैसा पुरवणारा कूलगार्डी गावचा दुकानदार मूळचा वेल्सचा, म्हणून खाणीला ‘सन्स ऑफ ग्वालिया’ म्हणजे वेल्सचे सुपुत्र हे नाव पडले. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला हर्बर्ट हूवर १८९८ मध्ये, चोविशीही उलटली नव्हती तेव्हा, येथे व्यवस्थापक होता. संपाला आळा बसावा आणि मजुरी कमी पडावी म्हणून त्याने इटालियन कामगार घेतले. टेकडीवर त्याच्यासाठी आखलेला बंगला बांधून होईपर्यंत स्वारी चीनला रवाना झाली होती; गाव मात्र आजही हूवरच्याच नावावर पर्यटक ओढते. वस्तीचा तोंडवळा घडवला तो इटालियन आणि युगोस्लाव्ह कुटुंबांनी.

चोरटी दारूविक्री थांबावी म्हणून सरकारने १९०३ मध्ये स्वतःच दारू विकणारे दुमजली ‘स्टेट हॉटेल’ येथे उघडले. ती विटांची इमारत अजून उभी आहे.

१९६३ च्या डिसेंबरात खाण बंद झाली. तोवर तिने सुमारे २६ लाख औंस सोने दिले होते. जेमतेम तीन आठवड्यांत हजारावरची वस्ती चाळीसवर आली. जाणाऱ्यांनी उचलता येईल तेवढेच नेले.

जे मागे राहिले तेच आता पाहायचे. कामगारांची घरे म्हणजे लाकडी सांगाडा, वर पन्हळी पत्रा आणि आतून गोणपाट. खोल्या इतक्या बुटक्या नि अरुंद की उंच माणसाने दारातच वाकावे. पत्र्याचा रंग गंजून भोवतालच्या लाल मातीत मिसळून गेला आहे. फाटलेले गोणपाट वाऱ्याने हलते तेव्हा त्या भिंतींची जाडी कळते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या या मुलखात लोक अशा घरांत संसार करत होते. हूवरचा प्रशस्त व्हरांड्याचा बंगला आधी पाहून मग खाली या घरांत यावे. उलट क्रमाने गेल्यास फरक तितका बोचत नाही. येथील संग्रहालयात खाणीच्या तोंडावरचा जुना लाकडी मनोरा आणि धातुक, म्हणजे सोने असलेला दगड, वर ओढणारे प्रचंड वाफयंत्र जपले आहे.

१९८० च्या दशकात खाणकाम पुन्हा सुरू झाले. संग्रहालयाशेजारीच उघड्या खाणीचा भलामोठा खड्डा आहे. त्याच्याही खाली जाणाऱ्या उतरत्या बोगद्यातून ट्रक दीड किलोमीटरहून खोलवरचे धातुक वर आणतात. त्या बोगद्यालाही नाव हूवरचेच.

पर्थहून निघालेली बहुतेक मंडळी कूलगार्डी आणि कालगुर्ली करून येथे पोहोचतात. कालगुर्लीपर्यंत महामार्गाच्या सोबतीला बऱ्याच ठिकाणी एक जाड नळ दिसतो. मंडारिंग धरणातून सोन्याच्या मुलखाला पाणी पोहोचवणारी ही योजना १९०३ मध्ये पुरी झाली. तिचा अभियंता सी. वाय. ओकॉनर याने टीकेच्या भडिमारात आदल्याच वर्षी आत्महत्या केली होती. पुढे उत्तरेच्या रस्त्यावर मेंझीसखेरीज वाटेत फारसे काही लागत नाही. पेट्रोलची टाकी कालगुर्लीलाच भरावी आणि पिण्याचे पाणी गरजेपेक्षा जास्तच घ्यावे. तीन-चार डबे जोडलेल्या ‘रोड ट्रेन’ला मागे टाकताना समोरचा रस्ता बराच लांबवर मोकळा हवा. ऊन कलल्यावर कांगारू रस्त्यावर येतात, तेव्हा अंधारापूर्वी मुक्कामी पोहोचलेले बरे. राहायला लिओनोरा आहे. हूवरच्या बंगल्यातही पाहुण्यांची सोय होते.