गॅसला वास कोणी दिला? टेक्सासची शाळा, खाणीतली पाखरं आणि विमानतळावरचा बीगल

स्वयंपाकघरात गॅस सुटला की घरातल्या लहान पोरालाही कळतं. सडक्या कोबीचा असावा तसा तो वास एकदा नाकात बसला की आयुष्यभर विसरत नाही. गंमत अशी की हा वास गॅसचा नाहीच. सिलिंडरमधला प्रोपेन-ब्युटेन काय किंवा पाइपने येणारा मिथेन काय, दोन्हींना स्वतःचा वास नाही. आपल्याला येतो तो इथिल मरकॅप्टन किंवा त्याच्या कुळातल्या एखाद्या गंधकाच्या रसायनाचा, आणि ते गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेलं असतं. मिसळायचं प्रमाण अगदी नगण्य, पण माणसाचं नाक एरवी कितीही मंद असलं तरी मरकॅप्टनच्या बाबतीत भलतंच तिखट. हवेच्या एक अब्ज भागांत एखादा भाग असला, तरी ते शिवशिवतं.

हा वास कंपन्यांनी आपणहून घातलेला नाही. निदान अमेरिकेत तरी तो कायद्याने घालायला लावला, आणि त्यासाठी आधी एक शाळा कोसळावी लागली.

पूर्व टेक्सासमधल्या न्यू लंडन या गावात १९३०च्या दशकात तेलाच्या विहिरींचा नुसता सुकाळ होता. सगळीकडे महामंदी चालू असताना या गावच्या शाळेकडे मात्र पैसा होता, आणि त्यातून पोलादी सांगाड्याची मोठी इमारत उभी राहिली. इमारत गरम ठेवण्यासाठी एकच मध्यवर्ती बॉयलर बसवावा असा मूळ आराखडा होता. तो बाजूला ठेवून खोल्याखोल्यांतून ७२ गॅस हीटर लावले गेले. जानेवारी १९३७ मध्ये शाळेच्या मंडळाने काटकसर म्हणून गॅसपुरवठ्याचा करारच बंद केला आणि जवळून जाणाऱ्या एका तेल कंपनीच्या नळाला जोड मारला. आकडा टाकून वीज घेण्याचाच हा प्रकार, फरक इतकाच की त्या भागात घरं आणि चर्चसुद्धा हेच करत होती आणि कंपन्या तिकडे काणाडोळा करत होत्या. पेट्रोल काढून उरलेला तो गॅस त्यांच्या लेखी कचराच होता, एरवी जाळूनच टाकायचा.

या उरल्यासुरल्या गॅसला वास नव्हता. कुठल्याशा जोडातून तो झिरपत राहिला आणि इमारतीच्या जमिनीखाली, पायाच्या पोकळीत साचत गेला. मुलं डोकं दुखतंय म्हणून तक्रार करत होती, पण त्याचा संबंध गॅसशी लावावा असं कोणाच्या मनात आलं नाही. १८ मार्च १९३७ला दुपारी तीन वाजून गेल्यावर, शाळा सुटायला थोडाच वेळ उरलेला असताना, कार्यशाळेतल्या शिक्षकाने लाकूड घासायच्या विजेच्या यंत्राचं बटण दाबलं. ठिणगी पडली. छप्पर वर उचललं गेलं आणि भिंती आत कोसळल्या. काँक्रीटचा एक प्रचंड तुकडा उडून दूर उभ्या असलेल्या मोटारीवर जाऊन पडला. जवळजवळ ३०० जण गेले, त्यांत बहुतेक मुलंच. बातमीदारांत वॉल्टर क्रॉन्काइट नावाचा विशीतला एक पोरगा होता. पुढे तो अमेरिकेतला सर्वांत विश्वासाचा वृत्तनिवेदक म्हणून नावाजला गेला.

काही आठवड्यांतच टेक्सासच्या विधिमंडळाने गॅसमध्ये वास मिसळणं सक्तीचं केलं आणि हळूहळू ही पद्धत जगभर पसरली. मला यात खुपणारी गोष्ट वेगळी आहे. ही युक्ती तोपर्यंत कोणाला ठाऊक नव्हती असं नाही. जर्मनीत १८८०च्या दशकातच गॅसमध्ये मरकॅप्टन घालून पाहिलं गेलं होतं. माहिती होती, रसायन होतं, खर्चही फारसा नव्हता. फक्त कोणाला गरज वाटली नव्हती.

आपल्या मुंबईत नळाचा गॅस त्याहून कितीतरी आधीचा. १८६५ मध्ये शहरात रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. लालबागमध्ये 'गॅस कंपनी लेन' अजून आहे, कंपनीच्या खुणा मात्र शोधाव्या लागतात. तो गॅस दगडी कोळशापासून काढलेला होता. त्यात गंधकाची अशुद्ध द्रव्यं असल्यामुळे तो आपसूकच घाण वास मारायचा आणि वेगळं काही मिसळायची गरज पडायची नाही. त्याचा धोका निराळा होता. त्यात कार्बन मोनॉक्साइड असायचा, म्हणजे स्फोट झाला नाही तरी बंद खोलीत झोपलेला माणूस सकाळी उठेलच याची खात्री नसायची. पुढे १९५०च्या दशकात मुंबईच्या घरांत बर्मा शेल या तेल कंपनीचा 'बरशेन' गॅस सिलिंडरमधून आला आणि शेगडीजवळचं सगळं गणितच पालटलं.

पाइपचा गॅस आणि सिलिंडरचा गॅस यांत आणखी एक फरक आहे आणि तो माहीत असलेला बरा. एलपीजी हवेपेक्षा जड. तो सुटला की जमिनीलगत पसरतो, ओट्याखाली, कोपऱ्यात, मोरीच्या जाळीत बसतो. मिथेन हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो. हा फरक एका मुलाने फार लहानपणी स्वतःच्या अंगावर अनुभवला होता.

तो मुलगा म्हणजे जे. बी. एस. हॉल्डेन, पुढे भारताचं नागरिकत्व घेऊन भुवनेश्वरला राहिलेले आणि १९६४ मध्ये तिथेच वारलेले जीवशास्त्रज्ञ. त्यांचे वडील जॉन स्कॉट हॉल्डेन कोळशाच्या खाणीतल्या हवेचा अभ्यास करायचे. एकदा त्यांनी पोराला खाणीत नेलं, छत ठेंगणं असलेल्या एका बोगद्यात उभं केलं आणि पाठ असलेलं एक भाषण म्हणायला लावलं. भाषण थोडं पुढे गेलं तसा पोराला दम लागायला लागला आणि तो खाली कोसळला. जमिनीजवळची हवा चांगली होती, त्यामुळे पडल्यावर आपोआप शुद्धीवर आला. मिथेन वर साचतो आणि श्वासाला लगेच घात करत नाही, हे त्याला असं शिकवलं गेलं. आजच्या पालकसभेत हा प्रयोग सांगून पाहा.

थोरल्या हॉल्डेनचं खरं काम कार्बन मोनॉक्साइडवरचं. जानेवारी १८९६ मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या खाणीत स्फोट होऊन ५७ माणसं मेली. हॉल्डेन यांनी प्रेतं तपासली तेव्हा लक्षात आलं की बरेचसे लोक स्फोटाच्या धक्क्याने किंवा भाजून गेलेच नव्हते. स्फोटानंतर खाणीत पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने ते गेले होते. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि वास मिसळायची सोयही नाही, कारण खाणीत तो नळातून येत नाही, जिथे काहीतरी अर्धवट जळतं तिथे जागच्या जागी निर्माण होतो. मग माणसाआधी ज्याला बाधेल असा कोणीतरी सोबत हवा. हॉल्डेन यांनी सुचवलं, उंदीर न्या, नाहीतर छोटी पाखरं न्या.

पाखरंच ठरली आणि त्यातही कॅनरी. गाणारा पिवळा पक्षी म्हणून युरोपात घरोघर पिंजऱ्यात असायचाच, जर्मनीतल्या हार्झ डोंगराकडच्या खाणकामगारांच्या गावांत तर कॅनरी पैदा करणं हा जोडधंदा होता. पक्ष्याचा श्वास झपाट्याने चालतो, आणि त्याच्या फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांमुळे श्वास आत घेताना आणि सोडताना अशा दोन्ही वेळी ताजी हवा फुप्फुसांतून फिरते. त्यामुळे विष माणसाच्या कितीतरी आधी त्याला लागतं. डुलायला लागला, दांडीवरून खाली पडला, की माणसांनी मागे फिरायचं.

पाखरू मरायचं आणि माणसं वाचायची, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात मरायला देत नसत. मँचेस्टरच्या विज्ञान संग्रहालयात या कामाचा एक पिंजरा ठेवलेला आहे. धातूची चौकट, काचेच्या भिंती, पुढे जाळी लावलेलं गोल दार, आणि वर हातात धरायची मूठ म्हणजे चक्क ऑक्सिजनचा लहानसा सिलिंडर. पक्षी कोसळला की दार लावायचं, झडप उघडायची आणि त्याला पुन्हा शुद्धीवर आणायचं. खाणकामगार या पाखरांशी शीळ घालून बोलायचे. १९८६च्या अखेरीस ब्रिटनमध्ये यंत्रांनी त्यांची जागा घेतली तेव्हा अनेकांना ते जिवावर आलं होतं.

मरकॅप्टनकडे परत येऊ, कारण त्याने पक्षिशास्त्रातला एक जुना वादही सोडवला. गिधाडाला मढं दिसतं की त्याचा वास येतो, यावर अमेरिकेत शंभर वर्षं भांडणं चालू होती. पक्षिचित्रकार जॉन ऑड्युबॉनने १८२०च्या दशकात प्रयोग करून सांगितलं होतं की वासाचा काही संबंध नाही, सगळा खेळ नजरेचा. १९३०च्या दशकात कॅलिफोर्नियात युनियन ऑइल कंपनीच्या लोकांना वेगळंच दिसलं. वास मिसळलेला गॅस लांबलचक नळातून जात असताना कुठे गळती झाली, की त्या जागेवर टर्की व्हल्चर जातीची गिधाडं घिरट्या घालायची. कारण सोपं होतं. मढं कुजताना जी द्रव्यं सुटतात त्यांत मरकॅप्टनही असतं. गिधाडं मेजवानीच्या आशेने येत होती आणि कंपनीला गळती फुकटात सापडत होती. पक्षितज्ज्ञ केनेथ स्टेगरने यावरून धागा पकडला, पद्धतशीर प्रयोग केले आणि १९६४ मध्ये या जातीला वास येतो हे सिद्ध केलं.

आपल्याकडच्या गिधाडांवर ही युक्ती चालणार नाही. ती वेगळ्या कुळातली, नजरेवरच जगणारी. आपल्याकडे त्यांचा संबंध गॅसच्या नळाऐवजी विमानांशी आला. १९८०च्या दशकात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) देशातल्या विमानतळांवरच्या पक्ष्यांचा अभ्यास केला, त्यात विमानांना मोठा धोका म्हणून गिधाडं आणि घारी पुढे आल्या. पुढे गुरांना द्यायच्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने, मढ्यांतून पोटात जाऊन, गिधाडंच संपत आली आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घालावी लागली.

विमानतळावर कुत्र्याचं नाक कामाला लागलं तेही धडकी भरवणाऱ्या प्रसंगानंतरच. ७ मार्च १९७२ला न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निघालेल्या टीडब्ल्यूएच्या विमानात बॉम्ब असल्याचा निरोप आला आणि विमान माघारी वळवलं. ब्रँडी नावाची जर्मन शेफर्ड कुत्री आत सोडली. तिने कॉकपिटमध्ये ठेवलेली एक बॅग दाखवली. बॉम्ब फुटायला तेव्हा १२ मिनिटं उरली होती. त्याच वर्षी अमेरिकेने विमानतळांसाठी श्वानांचा रीतसर कार्यक्रम सुरू केला. हा प्रकार वाचला की मुंबईकराला झंजीर आठवणारच. पुण्यात तयार झालेला हा लॅब्राडोर १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांबरोबर शहर धुंडाळत राहिला आणि ३,३२९ किलो आरडीएक्स सापडण्याचं श्रेय त्याच्या नावावर लागलं.

सगळ्याच कुत्र्यांना बॉम्ब हुंगायचा नसतो. १९८४ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने लॉस एंजेलिस विमानतळावर बीगल जातीची कुत्री आणली. मोठ्या कुत्र्यांना प्रवासी दबकायचे. बीगल ठेंगणा, लाडिक आणि जन्माचा खादाड, म्हणजे खाऊसाठी दिवसभर सामान हुंगायला तयार. अंगावर हिरवं जाकीट, आणि काही सापडलं तर भुंकायचं नाही, ओरबाडायचं नाही, बॅगेशेजारी गुपचूप बसायचं. यातले पुष्कळ बीगल प्राण्यांच्या निवाऱ्यातून उचललेले, म्हणजे कोणीतरी टाकून दिलेले. असाच निवाऱ्यातून आलेला हार्डी २०१८ मध्ये अटलांटा विमानतळावर गाजला, कारण इक्वेडोरहून आलेल्या एका प्रवाशाच्या बॅगेत त्याने भाजलेलं डुकराचं अख्खं डोकं शोधून काढलं.

शिकाऊ बीगलला सुरुवातीला पाचच वास ओळखायला शिकवतात: सफरचंद, लिंबूवर्गीय फळं, डुकराचं मांस, गोमांस आणि आंबा. हो, आंबा. लेकाकडे निघालेल्या आईच्या बॅगेत साड्यांच्या घडीत दडवलेला हापूस ज्या कुत्र्याने ओळखला, त्याचा तो पहिल्या इयत्तेचा धडा असतो.

अमेरिकेला भीती होती ती कोयीतल्या भुंग्याची आणि फळमाशीची. भारतीय आंब्याला तिथे बंदी होती ती एप्रिल २००७ मध्ये उठली, आणि त्यासाठी वाट काढली ती नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावने. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने तिथे किरणं सोडणाऱ्या कोबाल्ट-६०चं 'कृषक' हे विकिरण केंद्र उभारलं होतं. त्याच ठिकाणी आंब्याच्या पेट्यांना किरणांची किमान ४०० ग्रे (हे किरणांची मात्रा मोजायचं एकक) इतकी मात्रा देऊन त्या अमेरिकेला रवाना झाल्या. किरणांनी भुंगा मरेलच असं नाही, पण त्याची वीण खुंटते आणि अमेरिकेला तेवढं पुरतं.

ही सवलत विकिरण करून, तपासून पाठवलेल्या पेट्यांना आहे. हातातल्या बॅगेतल्या सुट्या आंब्याला नाही, मग तो देवगडचा असो की रत्नागिरीचा. आंबा असलाच तर उतरल्यावर तिथल्या अधिकाऱ्यांना सांगून टाकावा. तो काढून घेतील, पण दंड होणार नाही. न सांगता बीगलच्या भरवशावर राहिलात, तर आंबाही जातो आणि डॉलरही जातात.