कौल गळतं, स्लॅब गळत नाही?

कोकणात घराला मागे एखादी खोली वाढवायची म्हटलं की सल्ला ठरलेला: "कौलं गळतात, सरळ स्लॅब टाका." हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी चांगली घरं बिघडताना बघून वाईट वाटतं.

मंगलोरी कौल गळतं ते अनेकदा उतार कमी पडल्यामुळे. त्याला साधारण 30 अंशांचा उतार लागतो, म्हणजे 10 फुटांना पावणेसहा फूट. आता जुन्या घराची वळचण 9 फुटांवर असेल आणि तोच उतार 10 फूट पुढे नेला, तर बाहेरची कड सव्वातीन फुटांवर येते. माणूस उभा राहायचा कसा? मग सुतार उतार मोडतो, छप्पर सपाट होतं, वाऱ्याचा पाऊस कौलांच्या सांध्यांतून मागे शिरतो. दोष कौलाचा नाही, आखणीचा आहे. नव्या खोलीला वेगळं दुपाखी, म्हणजे दोन बाजूंना उतरणारं छप्पर करावं, त्याचं आढं (माथ्याची रेघ) जुन्या आढ्याला काटकोनात ठेवावं आणि दोन छपरं मिळतात तिथे रुंद पन्हळ घालावी. ती पन्हळ पावसाआधी साफ हवीच.

स्लॅबचं काय? सपाट स्लॅबवर पाणी साचतं, बारीक भेगांतून सळीपर्यंत पोहोचतं. सळी गंजून फुगते आणि खालचं काँक्रीट सुटतं. चिऱ्याच्या जुन्या भिंतीला नवा स्लॅब जोडला, तर पाया वेगळा खचून सांध्यालाच चीर जाते. गावोगाव स्लॅबवर पत्र्याच्या शेड उभ्या आहेत, त्या उगाच नाहीत.

वर आणखी मजला चढवायचा असेल, तर मात्र स्लॅबच करा.